ओळखीच्या नावाने आलेली फाइल



४ मे २००० या दिवशी गुरुवार होता. फिलिपीन्सची राजधानी मनिला इथून निघालेला एक ई-मेल त्या दिवशी सूर्याच्या मागोमाग पश्चिमेकडे सरकत गेला. हाँगकाँगमधली कार्यालये उघडली तसा तो तिथे पोहोचला. युरोपात लोक कामावर आले तेव्हा तो त्यांच्या इनबॉक्समध्ये आधीच येऊन बसला होता, आणि अमेरिकेत सकाळ होईपर्यंत मोठमोठ्या कंपन्यांचे मेल सर्व्हर कोलमडू लागले होते. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सने आपली ई-मेल यंत्रणा काही काळ बंद ठेवली. फोर्ड कंपनीनेही तेच केले. पेंटॅगॉनलाही झळ लागली. मेलचा विषय इंग्रजीतले तीन शब्द जोडून लिहिलेला होता : ‘आयलव्हयू’. आत, सोबतचे प्रेमपत्र पाहावे अशी विनंती करणारी एक ओळ आणि खाली एक अटॅचमेंट.

लोक प्रेमपत्राला भुलले, अशी ही हकिकत आजही सांगितली जाते. ती अर्धीच खरी आहे. प्रेमापेक्षा लोक ओळखीला भुलले. पाठवणाऱ्याच्या जागी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचे, वर्गमित्राचे, बहिणीचे किंवा साहेबांचे नाव होते, आणि ते नाव बनावट नव्हते. मेल खरोखरच त्यांच्या संगणकावरून निघालेला होता, फक्त त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

ती फाइल उघडल्यावर नेमके काय घडे, ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. तिचे पूर्ण नाव ‘लव्ह-लेटर-फॉर-यू डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस’. टीएक्सटी म्हणजे निव्वळ मजकूर; तो वाचल्याने कुणाचे काही बिघडत नाही. व्हीबीएस म्हणजे व्हिज्युअल बेसिक स्क्रिप्ट, चालवायचा प्रोग्रॅम. पण विंडोज ओळखीच्या प्रकारच्या फाइलींचे शेवटचे एक्स्टेन्शन झाकून ठेवते. तेव्हाही ठेवत असे आणि मुद्दाम बदलले नाही तर आजही ठेवते. त्यामुळे पाहणाऱ्याला नाव दिसे ते ‘डॉट टीएक्सटी’पाशी संपणारे. ज्याला फाइलींचे प्रकार थोडेफार कळत होते तोही ते नाव पाहून निर्धास्त होई.

डबल क्लिक केल्यावर पत्र काही उघडत नसे. आतमध्ये मात्र धावपळ सुरू होई. हा वर्म, म्हणजे स्वतःच्या प्रती करत पसरणारा प्रोग्रॅम, आधी विंडोजच्या फोल्डरांमध्ये आपल्या प्रती ठेवी, त्यांना ‘एमएसकर्नल३२’सारखी सरकारी थाटाची नावे देई आणि संगणक सुरू होताना आपणही सुरू व्हावे अशी नोंद रजिस्ट्रीत करून टाकी. मग इंटरनेट एक्स्प्लोररचे पहिले पान बदलून पासवर्ड चोरणारा आणखी एक प्रोग्रॅम उतरवून घेण्याची सोय करी. त्यानंतर हार्ड डिस्कवरच्या फाइलींचा नंबर. जेपीजी चित्रांवर तो स्वतःचा मजकूर लिही, म्हणजे मूळ चित्र गेलेच. एमपी३ गाण्यांना हात न लावता तो ती नुसती लपवी आणि त्याच नावाची आपली प्रत शेजारी ठेवी. गाणी परत मिळाली, छायाचित्रे मिळाली नाहीत. ज्या घरात आउटलुक होते तिथे ॲड्रेस बुकातल्या झाडून सगळ्यांना तोच मेल जाई. आउटलुक नसले तर प्रसार तिथे अडे, नुकसान मात्र व्हायचे ते होऊन जाई. गप्पांसाठी एमआयआरसी वापरणाऱ्यांच्या चॅटरूममध्ये शिरण्याचा मार्गही त्याने ठेवला होता.

आपल्याकडे इंटरनेट सामान्य ग्राहकाला मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, व्हीएसएनएलकडून. पुढच्या पाच वर्षांत मोडेमची ती किरकिर मध्यमवर्गीय घरांत ऐकू येऊ लागली, आणि मराठी घरांमध्ये ई-मेल शिकण्याचे एक मोठे कारण होते परदेशी गेलेली मुले. नातवंडाचा फोटो जेपीजीत यायचा आणि तो त्या एकाच हार्ड डिस्कवर असायचा. कार्यालयात निदान एखादा सिस्टिमवाला असतो, रात्री बॅकअपची टेप फिरते. घरात असे कोणी नसते. आयलव्हयूने कंपन्यांचे किती नुकसान केले याचे आकडे खूप छापून आले; घरातल्या पुसल्या गेलेल्या फोटोंचा हिशेब कोणी केलाच नाही.

हा वर्म लिहिणारा ओनेल दे गुझमान हा मनिलातल्या एएमए कॉम्प्युटर कॉलेजचा विद्यार्थी होता. इतरांचे इंटरनेट पासवर्ड मिळवण्याचा प्रोग्रॅम हा त्याच्या प्रबंधाचा प्रस्ताव कॉलेजने फेटाळला होता. पोलिसांनी माग काढला, पण खटला उभा राहीना, कारण संगणकात असा प्रोग्रॅम सोडणे हा फिलिपीन्सच्या कायद्यात गुन्हाच नव्हता. जूनमध्ये तिथे कायदा झाला, पण तो मागच्या तारखेला लावता येत नव्हता. ऑगस्टमध्ये आरोप मागे घेतले गेले. पुढे वीस वर्षांनी, मनिलात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करणाऱ्या दे गुझमानने जेफ व्हाइट या ब्रिटिश पत्रकाराला सांगितले, की तो वर्म आपणच लिहिला होता आणि मूळ हेतू इंटरनेट फुकट वापरता यावे म्हणून पासवर्ड मिळवण्याचा होता.

भारताच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली तीही त्याच जून महिन्यात, ९ तारखेला, आणि तो १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. त्याच्या ४३व्या कलमात दुसऱ्याच्या संगणकात व्हायरस घालणाऱ्याकडून एक कोटी रुपयांपर्यंत भरपाई मागण्याची तरतूद होती. कायदा हवाच होता. पण सातासमुद्रापलीकडून आलेल्या फाइलीने उडवलेले फोटो कोणत्याही कलमाने परत येत नाहीत. घरच्या संगणकाचे रक्षण घरात, किंवा त्या संगणकाचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या कार्यालयात, या दोनच ठिकाणी होऊ शकते. त्यातले दुसरे ठिकाण आपण नेहमी विसरतो.

ओळखीच्या वाटेने पसरायची युक्ती दे गुझमानची नव्हे. डिसेंबर १९८७ मध्ये जर्मनीतल्या क्लाउस्थाल विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने नाताळच्या शुभेच्छांचा एक छोटा प्रोग्रॅम सोडला होता. तो चालवला की पडद्यावर अक्षरांनी काढलेले नाताळचे झाड दिसे, आणि ते पाहत असताना तो प्रोग्रॅम वापरणाऱ्याच्या पत्त्यांच्या यादीतल्या प्रत्येकाला जाऊन पोहोचे. युरोप-अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या जाळ्यातून तो आयबीएमच्या अंतर्गत जाळ्यात शिरला आणि ते तुंबले. २६ मार्च १९९९ च्या ‘मेलिसा’ने हेच वर्डच्या फाइलीतून केले. ‘अमुक अमुक यांच्याकडून महत्त्वाचा निरोप’ असा तिचा विषय असे, आणि त्या ‘अमुक अमुक’च्या जागी पाठवणाऱ्याचे खरे नाव. आउटलुकमधल्या पहिल्या पन्नास पत्त्यांवर ती जात असे. ती लिहिणाऱ्या न्यू जर्सीच्या डेव्हिड स्मिथला २००२ मध्ये वीस महिन्यांची कैद झाली.

आयलव्हयूनंतरची चार वर्षे हा ई-मेल वर्मचा भरतीचा काळ होता. फेब्रुवारी २००१ मध्ये टेनिसपटू ॲना कुर्निकोव्हाच्या छायाचित्राचे आमिष दाखवणारा वर्म आला. तो वीस वर्षांच्या एका डच तरुणाने इंटरनेटवर तयार मिळणाऱ्या साधनाने बनवला होता, त्याला फारसे प्रोग्रॅमिंग येण्याची गरजच पडली नव्हती. त्याच वर्षी जुलैत ‘सरकॅम’ आला. तो ‘माय डॉक्युमेंट्स’मधली कुठलीही एक फाइल उचलून, तिला स्वतःला चिकटवून, लोकांना पाठवून देई. कुणाचा नोकरीचा अर्ज गेला, कुणाचा घरचा हिशेब. व्हायरसने फाइल नष्ट करणे लोकांना ठाऊक होते. आपलीच फाइल चारचौघांत वाटली जाणे हे नवे होते.

पण घरच्या माणसाला सगळ्यात अवघड गेला तो ‘क्लेझ’. २००२ च्या एप्रिलमध्ये त्याची एक आवृत्ती जोरात पसरली. तोपर्यंतचा सल्ला असा, की मेल आला की पाठवणाऱ्याचे नाव बघा आणि त्याला कळवा. क्लेझने तो सल्लाच निकामी केला. समजा जोशींचा संगणक बाधित आहे. क्लेझ त्यांच्या संगणकातून दोन पत्ते उचलणार, देशपांडे आणि नाईक. मेल जाणार देशपांड्यांना, आणि पाठवणाऱ्याच्या जागी नाव असणार नाईकांचे. देशपांडे नाईकांना फोन करून रागावणार. नाईक आपला धडधाकट संगणक घेऊन दुकानात जाणार, फॉरमॅट करून घेणार. आणि जोशींना कोणीच काही सांगणार नाही. त्यात भर अशी, की इंटरनेट एक्स्प्लोररमधल्या एका दोषामुळे अटॅचमेंट उघडावीही लागत नव्हती. आउटलुकच्या खालच्या चौकटीत मेलची झलक दिसली तरी पुरे. त्या दोषावरचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्च २००१ मध्येच दिला होता. वर्षभरानंतरही असंख्य घरांत तो बसलेला नव्हता.

का नव्हता? आपल्यापुरते उत्तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत सापडते. घरचा संगणक बहुधा असेम्बल करून घेतलेला असे. बोर्ड, रॅम, हार्ड डिस्क यांचे भाव घासाघीस करून ठरत, आणि विंडोजची सीडी ‘टाकून देतो’ या दोन शब्दांत येत असे. तिचा परवाना नसे. अपडेट चालू ठेवले तर मायक्रोसॉफ्टला कळेल, संगणक बंद पडेल, या धास्तीने दुकानदार स्वतःच अपडेट बंद करून देत. पुढे २००८ मध्ये परवाना नसलेल्या विंडोज एक्सपीवर डेस्कटॉप काळा होऊ लागला तेव्हा ही धास्ती आणखी पक्की झाली. डायल-अपवर मोठा पॅच उतरवायला रात्र जाई आणि फोनचे बिल चढे, तेही एक कारण होतेच. अशा संगणकाच्या मालकाला निष्काळजी म्हणणे सोपे आहे. त्याने जे घेतले ते त्याला परवडत होते, आणि धोका त्याला कोणी समजावून सांगितलेला नव्हता.

ही गरज ज्यांनी जवळून पाहिली त्यांत पुण्याचे कैलास आणि संजय काटकर हे भाऊ होते. थोरला कॅल्क्युलेटर आणि नंतर संगणक दुरुस्त करणारा, धाकटा संगणकशास्त्र शिकणारा. नव्वदच्या दशकात दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांतला बिघाड अनेकदा यंत्राचा नसून व्हायरसचा असतो हे ध्यानात आल्यावर धाकट्याने सफाईचा प्रोग्रॅम लिहिला, त्यातून ‘क्विक हील’ उभे राहिले. परदेशी अँटिव्हायरस कंपन्यांच्या तोडीला एका मराठी दुरुस्तीच्या दुकानातून निघालेले उत्पादन टिकले, २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. ग्राहक काय तक्रार घेऊन येतो हे त्यांनी काउंटरच्या पलीकडून ऐकलेले होते, म्हणून ते जमले.

तरीही ई-मेल वर्मची लाट ओसरली ती मुख्यतः अँटिव्हायरसमुळे किंवा लोक शहाणे झाल्यामुळे नाही. जानेवारी २००४ मध्ये आलेला ‘मायडूम’ त्याआधीच्या सगळ्यांपेक्षा वेगाने पसरला, आणि तोपर्यंत लोकांना पाच वर्षे ‘अनोळखी अटॅचमेंट उघडू नका’ असे सांगून झाले होते. मायडूममध्ये प्रेमही नव्हते आणि टेनिसपटूही नव्हती. तुमचा मेल पोहोचला नाही, तपशील सोबतच्या फाइलीत आहे, अशा अर्थाचा रुक्ष निरोप होता. असा निरोप आला तर फाइल उघडणे हे सावध माणसाचेही साहजिक वागणे आहे.

लाट ओसरली ती मुळातल्या सोयी बदलल्या म्हणून. जून २००० मध्ये आउटलुकसाठी एक अपडेट निघाले, त्याने चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या अटॅचमेंट उघडूच दिल्या नाहीत आणि दुसरा एखादा प्रोग्रॅम परस्पर मेल पाठवू लागला तर विचारणा सुरू केली. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ ने फायरवॉल आपोआप चालू केली. ती आधीही विंडोजमध्ये होती, फक्त बंद असे. वेबमेल देणाऱ्या कंपन्यांनी ‘ईएक्सई’ फाइली दारातच अडवायला सुरुवात केली. पेनड्राइव्ह लावताच आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमना विंडोजने २०११ मध्ये अपडेटद्वारे आवर घातला, आणि झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्हबरोबर घरी येणाऱ्या पाहुण्यांची एक मोठी वाट बंद झाली.

यातला सगळ्यात मोठा विलंब वर्डच्या मॅक्रोंचा, म्हणजे फाइलीतच ठेवता येणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा, आहे, आणि तो क्षम्य नाही. मॅक्रोतून पसरणारा ‘कन्सेप्ट’ हा व्हायरस १९९५ मध्ये दिसला. १९९९ मध्ये मेलिसाने त्याची ताकद जगाला दाखवली. इशारा देणारी चौकट तेव्हाही होती, पण चौकटीतच ‘चालू करा’ असे बटण होते, आणि फाइल पाठवणारे ते बटण दाबायची सूचना फाइलीतच लिहून ठेवू लागले. ‘एमोटेट’ हा घातक प्रोग्रॅम चालवणाऱ्या टोळीने त्यावर वर्षानुवर्षे धंदा केला. बाधित संगणकातला जुना पत्रव्यवहार चोरून, त्याच धाग्यात उत्तर आल्यासारखा मेल ते पाठवत. अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून जानेवारी २०२१ मध्ये त्यांची यंत्रणा ताब्यात घेतली, तरी ते वर्षाअखेरीस पुन्हा उभे राहिले. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो सरसकट अडवण्याचा निर्णय मायक्रोसॉफ्टने अमलात आणला तो २०२२ मध्ये. कन्सेप्टपासून सत्तावीस वर्षे. इतकी वर्षे ती जबाबदारी बटण दाबणाऱ्या कारकुनावर, निवृत्त शिक्षकावर, प्रकल्पाची फाइल उघडणाऱ्या शाळकरी मुलीवर टाकलेली होती. विजेच्या फिटिंगमध्ये उघडी तार ठेवायची आणि हात लावू नका अशी पाटी लावायची, असला हा कारभार होता.

अपडेटबद्दल मात्र कंपन्यांना दोष देऊन भागत नाही. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या ‘वॉनाक्राय’वरचा पॅच १४ मार्चलाच निघाला होता. तो ई-मेलवर अवलंबून नव्हता. एका संगणकातून शेजारच्यात स्वतःच शिरत होता आणि फाइली कुलूपबंद करून खंडणी मागत होता. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा बंद पाडली, तेव्हा त्याच समूहाकडे असलेल्या न्हावा-शेव्यातल्या जेएनपीटी बंदराच्या एका टर्मिनलचे काम अडले. कंटेनर उतरेनात, ट्रकांच्या रांगा लागल्या. व्हायरस म्हणजे घरातल्या पोरांच्या गेममधून येणारी कटकट, एवढीच ज्यांची समजूत होती त्यांनी त्या रांगांकडे पाहायला हवे होते.

आज घरच्या विंडोज संगणकावर काय करावे? आधी अपडेट. विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, त्यामुळे जुना संगणक कपाटातून काढून नातवाला देण्यापूर्वी तो कशावर चालतो हे पाहावे. विंडोजमध्ये आतच येणारा डिफेंडर घरगुती वापराला चांगला आहे. दुसरा अँटिव्हायरस विकत घेतला असेल तर तो एकच असावा, दोन एकमेकांच्या पायात पाय घालतात. रोजच्या कामाचे खाते ॲडमिनिस्ट्रेटरचे नसावे. फाइल एक्स्प्लोररमध्ये ‘व्ह्यू’, मग ‘शो’, आणि तिथे ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करावी; पंचवीस वर्षांपूर्वी झाकलेली ती शेवटची तीन अक्षरे मग दिसू लागतात. आणि फोटोंची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून ठेवावी. जोडलेली डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, खंडणी मागणारा व्हायरस तीही कुलूपबंद करतो.

एवढे केले तरी एक जागा उरते, आणि आज ती खिशात आहे. लग्नसराईत व्हॉट्सॲपवर पत्रिका येते. पाठवणारा ओळखीचा असतो, कारण त्याचेच खाते आधी ताब्यात गेलेले असते. फाइलीच्या नावात आमंत्रण असते आणि शेवटी ‘डॉट एपीके’. कधी ती वाहतुकीच्या दंडाची पावती असते, कधी बँकेच्या केवायसीचा अर्ज. पत्रिका म्हणजे चित्र असते किंवा पीडीएफ. एपीके म्हणजे अँड्रॉइडवर बसवायचे ॲप. ते बसवले आणि एसएमएस वाचायची परवानगी दिली की बँकेचा ओटीपी मालकाच्या आधी चोराला दिसतो, आणि त्याच फोनवरून पुढच्या नातेवाइकांना पत्रिका जाऊ लागतात. मनिलाच्या त्या फाइलीत आणि हिच्यात फरक एवढाच, की हिचे एक्स्टेन्शन समोर दिसते आणि हिला थेट पैसे हवे असतात.

अशी फाइल उघडली गेली तर फोनचे नेट ताबडतोब बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे, आणि कुटुंबाच्या ग्रुपवर दुसऱ्या कुणाकडून लगेच सांगावे. हे शेवटचे काम लोक लाजेपोटी टाळतात. घरातल्या ज्येष्ठांकडून असे झाले की मुले रागावतात, आणि पुढच्या वेळी ते सांगतच नाहीत. रागावण्यात जाणारा तास चोराच्या उपयोगी पडतो.

याही वेळी सोयी बदलत आहेत, संथपणे. ब्राउझरमधून किंवा मेसेजमधून आलेल्या आणि एसएमएस वाचू पाहणाऱ्या ॲपना बसवतानाच अडवण्याचा गूगलचा प्रयोग सिंगापूरमध्ये २०२४ च्या सुरुवातीला झाला, भारतासाठी तो त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जाहीर झाला. हे अडवण्याचे काम ‘प्ले प्रोटेक्ट’ करते. प्ले स्टोअर उघडून कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर बोट ठेवले की ते नाव दिसते. ते चालू आहे का हे आज घरी गेल्यावर आईवडिलांच्या फोनवर पाहून घ्यावे. फोनवरून गोड बोलून कोणी ते बंद करायला सांगत असेल, तर तो माणूस बँकेचा नाही.